मुसाफिराचा दस्तरखान

लातूरच्या गंजगोलाईत खजूर घेताना अम्मींनी दुकानदाराला बजावलं होतं, अर्धा किलो वेगळा बांध, रस्त्याचा. घरचा खजूर वेगळा, रस्त्याचा वेगळा. सत्तरीच्या या बाईंचा हिशेब जुना आहे. रमजानमध्ये माणूस घराबाहेर पडला की मगरिबची अजान त्याला कुठं गाठेल हे सांगता येत नाही, आणि तेव्हा शेजारी कोण बसलेलं असेल हे तर मुळीच सांगता येत नाही. म्हणून रस्त्याचा खजूर नेहमी एका माणसाला लागतो त्यापेक्षा जास्त.

या वेळचा रस्ता लांबचा होता. रमजानमधल्या उमराहचं पुण्य हजच्या बरोबरीचं मानलं जातं. त्यामुळे या महिन्यात मक्केला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि नांदेड-लातूरकडून दरवर्षी अनेक जथे निघतात. हजला ठरलेले दिवस असतात, उमराह वर्षभर कधीही करता येतो. लातूरला विमानतळ आहे, पण तिथून जिद्दा सोडा, रोजचं मुंबईचंही विमान नाही. नांदेडहून गोदाकाठच्या माणसाला थेट अरबस्तान गाठता येत नाही. म्हणून बहुतेकांचा रस्ता हैदराबादचा. निजामाच्या काळात कचेरीसाठी, दवाखान्यासाठी, लग्नाच्या कापडासाठी जो रस्ता होता तोच आता विमानासाठी. लातूरहून निघालेली गाडी जहिराबादवरून येते आणि शहरात न शिरता बाहेरच्या रिंगरोडने शमशाबादला पोचते.

तीस-पस्तीस जणांचा जथा होता. नांदेडचे, कंधारचे, काही लातूरचे. सहेरी वाटेतल्या ढाब्यावर झाली. मुसाफिराला रोजा न ठेवण्याची आणि तो नंतर भरून काढण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. जथ्यातल्या दोघा मधुमेही बुजुर्गांनी ती घेतलीही. अम्मींनी घेतली नाही. विमान रात्री नऊचं होतं, म्हणजे इफ्तार जमिनीवरच होणार होता. दुपारी पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानात मात्र रोजेदाराची खरी कसोटी असते. जिद्द्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सूर्याचा पाठलाग करत गेलं की दिवस संपता संपत नाही. लातूरला साडेसहाला सुटणारा रोजा तिकडे आपल्या घड्याळातल्या नऊच्या सुमारास सुटतो. विमानात इफ्तारची वेळ गावाकडच्या वेळापत्रकावर ठरत नाही, खिडकीतून सूर्य दिसतोय तोवर रोजा चालूच.

इमिग्रेशन, तपासणी, सगळं आटोपून चारच्या सुमारास जथा आत आला आणि गेटजवळच्या खुर्च्यांवर विसावला. अम्मींचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्याकडे लाउंजचं कार्ड होतं. आईच्या गुडघ्यांना आराम मिळावा एवढीच त्याची इच्छा.

ज्यांनी लाउंज पाहिलेलं नाही त्यांनी रेल्वे स्टेशनवरची उच्च श्रेणीची प्रतीक्षालयं आठवावीत. कल्पना तीच, खुर्च्या मऊ. विमान प्रवासात तिची सुरुवात न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये झाली. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या खास, निवडक पाहुण्यांसाठी तिथं एक क्लब उघडला होता. आज आत जायला बिझनेस क्लासचं तिकीट लागतं, नाहीतर बँकेचं चांगलं कार्ड. यंत्रावर कार्ड घासलं की नावाला दोन-चार रुपये कापले जातात आणि दार उघडतं. कार्डं वाढली तशी गर्दी वाढली. मग बँकांनी अटी घातल्या, आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असेल तरच प्रवेश. तरीही दारात अशी रांग असते की लातूरचं बसस्थानक बरं म्हणायची वेळ येते. रांगेतल्या प्रत्येकाला आपण इतरांपेक्षा निराळे आहोत असं वाटत असतं, ते वेगळंच.

मुलाच्या कार्डावर एकच माणूस चालत होता. आईचे वेगळे पैसे भरावे लागले.

“कितने हुए?” अम्मींनी विचारलं.

“फुकट है अम्मी.”

अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. यंत्रावरचा चार आकडी आकडा त्यांनी बरोबर वाचला होता. दहा-बारा जणांचा फितरा निघाला असता, एवढंच पुटपुटून त्या आत गेल्या.

आत गारवा होता, गालिचा होता, पाय पसरता येतील अशा खुर्च्या होत्या. लाउंजची टवाळी करणं सोपं आहे, पण ज्याचे गुडघे दुखतात त्याला त्या खुर्चीची किंमत विचारावी. अम्मी दीड तास शांत झोपल्या. मुलाने तिथल्या न्हाणीघरात आंघोळ करून एहरामची दोन पांढरी, बिनशिलाईची वस्त्रं चढवली. उमराहची नियत मात्र त्याने विमानासाठी राखली, जिद्द्याच्या अलीकडे मिकातची हद्द येते तिच्या आत. नियत केली की सुगंध वर्ज्य, आणि लाउंजच्या साबणापासून ओल्या रुमालापर्यंत सगळ्याला वास. अनुभवी माणसं हात धुण्याचं काम नियतेआधीच उरकून घेतात.

जाग आली तेव्हा अम्मींनी नीट पाहिलं. एका भिंतीला लागून बिर्याणी, इडली, पास्ता, फळं, केक. काय हवं ते, हवं तेवढं. बाजूला दारूचा काउंटर, त्याच्याकडे त्यांनी खुर्चीची पाठ केली. एवढं अन्न आणि कुणी कुणाला घे म्हणत नव्हतं. टेबलं पुसणारा पोरगा मघापासून ओठांवरून जीभ फिरवत होता. ते ज्याला कळायचं त्यालाच कळतं.

“रोजा है क्या बेटा?”

“हौ अम्मा.” बिदरकडचा होता.

मगरिबला पाच मिनिटं मिळतात, आतल्या खोलीत पाणी पिऊन येतो, असं त्याने सांगितलं. अम्मींनी पिशवीतून तीन खजूर काढून त्याच्या मुठीत दिले. मग बाहेरच्या जथ्यासाठी थोडी फळं आणि समोसे नेता येतील का, असं विचारलं. पोरगा अवघडला. इथलं खाणं इथंच खायचं, दाराबाहेर नेता येत नाही. त्याने केलेला नियम नव्हता तो, आणि व्यवसायाच्या हिशेबाने चुकीचाही नव्हता. इथं पाहुणा मोजून आत घेतात, तर त्याचं ताटही मोजूनच असणार.

अम्मींना न पटणारी गोष्ट दुसरीच होती. इस्लाममध्ये जकात कुणाला द्यावी याचे आठ हकदार सांगितले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला असे एकेक करत यादीत शेवटचं नाव येतं ते मुसाफिराचं. घरी तो श्रीमंत का असेना, रस्त्यात अडला, हात रिकामा झाला, तर त्याचाही हक्क. तो कुठल्या वर्गाने निघालाय हे तिथं विचारलेलं नाही. निघालाय, एवढंच पुरे.

मराठवाड्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. अम्मींचे सासरे हजला गेले ते बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने. लातूर ते कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने मुंबई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी टाकायची आणि जहाजाची वाट पाहायची. मुंबई-जिद्दा जहाजं १९९५ मध्ये बंद झाली, तोवर कित्येक पिढ्यांनी हजचा पहिला मुक्काम असाच केला. पलीकडच्या टोकालाही सोय होती. हैदराबादच्या निजामांनी मक्केत आपल्या रियासतीतल्या हाजींसाठी रुबात, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. रियासत १९४८ मध्ये संपली, पण त्या रियासतीतल्या जिल्ह्यांचा हक्क संपला नाही. तेलंगणासोबत मराठवाड्यातले आणि कर्नाटकातले हाजी आजही तिथल्या मोफत मुक्कामाला पात्र धरले जातात, आणि जागा कमी असल्याने चिठ्ठ्या टाकून नावं काढली जातात. नांदेडच्या माणसाला मक्केत निजामाच्या नावाने खोली मिळते, हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक अजून चकित होतात.

नांदेडकरांना तर यात नवल वाटायला नको. हुजूर साहिबला येणाऱ्याला लंगरमध्ये कुणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही. अमृतसरहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसला वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात. डब्यातल्या कुणीही ताट पुढं करावं, वातानुकूलित डब्यातल्याने आणि जनरल डब्यातल्याने. वरण, भाजी, पोळी एकच. कंधारला ज्या बुजुर्गांचा दर्गा आहे त्यांचं नावच हाजी सय्याह. सय्याह म्हणजे भटकणारा, मुसाफिर.

सव्वासहाला अम्मी उठल्या. मुलगा म्हणाला, अजून तासभर बसता येतं, इफ्तार इथंच करू, सगळं मांडलेलं आहे.

“नक्को बेटा. वो लोगां उधर बैठे, मैं इधर कैसे खाऊँ?”

गेटजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात जथ्यातल्या बायकांनी चादर अंथरली होती. पाण्याच्या बाटल्या तपासणीत गेल्या होत्या, म्हणून रिकाम्या बाटल्या नळावर भरून आणल्या होत्या. कुणाकडे चिवडा, कुणाकडे सुकी भजी, कुणी केळी कापत होतं. अम्मींनी रस्त्याचा खजूर मधोमध ओतला. शेजारच्या खुर्च्यांवर उदगीरचं एक जोडपं होतं, दुबईला मुलाकडे निघालेलं. बोलण्यावरून त्यांनी गाव ओळखलं.

“लातूरचे का तुम्ही?”

“हौ. या ना, बसा.”

“आमचा काही उपास नाही, आम्ही बसलो तर चालंल का?”

“चालतंय की. खजूर काय उपासवाल्यांचाच असतो?”

काकांनी खाली बसताना गुडघ्यावर हात टेकला. काकूंनी पिशवीतून मुलासाठी नेलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला. राहू द्या, लेकासाठी नेताय, असं चारजणी एकदम म्हणाल्या. त्याला वजन वाढतंय तसंही, असं म्हणत काकूंनी झाकण उघडलं. कुणाच्या तरी मोबाईलवर अजान झाली, आवाज अगदी बारीक ठेवलेला. ‘बिस्मिल्लाह’चे पुटपुटते आवाज आले आणि मग थोडा वेळ फक्त चावण्याचे.

काही मिनिटांनी मुलगा आला. हातात लाउंजची पावती होती, त्यावर सात पंधराची वेळ छापलेली. ती त्याने एहरामच्या पट्ट्याच्या खिशात कोंबली. चादरीवर जागा नव्हती. उदगीरच्या काकांनी थोडं सरकून घेतलं आणि अर्धा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

“आत काय काय होतं रे खायला?” त्यांनी विचारलं.

“खूप होतं काका.”

“मग खाल्लं का नाही?”

पोराच्या तोंडात लाडू होता. अम्मी खजुराच्या बिया कागदात गोळा करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.