नैसर्गिक संसाधनांचे उत्पन्न आणि पर्यावरण : सेमाडोह-मेळघाट परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नैसर्गिक संसाधनांपासून मिळणारे उत्पन्न वाढले की पर्यावरणाचा ऱ्हास होतोच, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. उत्पन्न संसाधनाच्या मुद्दलातून काढले जाते की वाढीतून, ते कोणाच्या हाती पडते आणि त्यातील किती भाग संसाधनाकडे परत येतो, या तीन बाबींवर परिणाम अवलंबून असतो. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात सिपना नदीकाठी वसलेले सेमाडोह व भोवतालचा मेळघाट यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या बाबींचा विचार केला आहे.

महसुलापासून संरक्षणाकडे :
ब्रिटिश अमदानीत मेळघाटचे सागवान हे सरकारी महसुलाचे साधन होते. जंगलकामाला मजूर मिळावेत म्हणून वनग्रामे वसविली गेली. लाकडाचे उत्पन्न तिजोरीत जमा होई. कोरकूंच्या वाट्याला मजुरी येई. १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली झाडे, गवत इत्यादी काढण्यासही मनाई केली. कुऱ्हाड थांबली, पण स्थानिकांचे जंगलातील हक्काचे उत्पन्नही आटले.

तेंदूपान, मोहफूल आणि वणवा :
१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. संकलकाला मोबदला पुड्यांच्या संख्येवर मिळतो. त्यामुळे यंदा अधिक पाने मिळविण्यात त्याचे हित असते; झाडाच्या भवितव्यात त्याचा वाटा नसतो. झुडपे छाटली किंवा जाळली की कोवळी पाने फुटतात. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळाही पेटविला जातो. आग पसरली की रोपे मरतात आणि पाणी धरून ठेवणारा जमिनीवरचा थर नष्ट होतो. सिपना, खंडू, खापरा, गाडगा व डोलार या नद्या तापीला मिळतात. म्हणजे लाभ एका हंगामाचा, तर हानी दूरवरच्या पाणीवापरकर्त्यांचीही. ती मात्र कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जात नाही.

हक्क आणि निर्णय :
२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये तो मिळाला. ग्रामसभेने उजाड टेकडीचे रक्षण केले आणि सीताफळांची विक्री स्वतः हाती घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचा निर्णय अधिक बोलका आहे. छाटणी व वणव्याने जंगलाची हानी होते म्हणून तेथील ग्रामसभेने तेंदूपानाचे उत्पन्न नाकारले आणि बांबूवर भर दिला. जो मुद्दलाचा धनी असतो, तोच व्याजावर थांबू शकतो, हे यातून दिसते.

पर्यटन :
सेमाडोह येथे वनविभागाचे पर्यटन संकुल आहे. वन्यजीव कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद केली. त्यामुळे पर्यटकांकडील शुल्क स्थानिक संवर्धनासाठी वापरण्याचा मार्ग खुला झाला. मात्र पर्यटनालाही मुद्दल लागते. उन्हाळ्यातील पाणी, शांतता आणि स्वच्छ नदीपात्र हे ते मुद्दल होय. वाहने व कचरा वाढल्यास तेही खर्ची पडते. शिवाय पर्यटनातून गावातील मोजक्याच कुटुंबांना रोजगार मिळत असेल, तर उरलेल्यांना वणवा विझविण्याचे कारण उरत नाही.

समारोप :
संपणाऱ्या संसाधनांपासून मिळणारा अधिशेष पुन्हा उत्पादक भांडवलात गुंतवावा, असा नियम अर्थतज्ज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडला. जंगल पुन्हा वाढणारे असल्याने येथे ही गुंतवणूक जंगलातच करता येते : जाळरेषा, रोपवन आणि मृद्-जलसंधारण. परंतु केवळ निधी पुरेसा नाही. सेमाडोहसारख्या गावांत जंगलाच्या वाढीशी कोरकू कुटुंबांचे उत्पन्न जोडले गेले, तरच संरक्षण हे पहाऱ्याचे काम न राहता गावाचे हित ठरेल. अन्यथा जंगल वाचविण्याची किंमत, जंगलाचा लाभ ज्यांना सर्वांत कमी मिळाला, त्यांनीच मोजावी लागेल.