रोजमेळात एक ओळ स्वतःसाठी



आमच्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारते. गेल्या महिन्यात घरच्यांसोबत बाहेर खायला कधी गेलात? विक्रीचा आकडा सगळे पटकन सांगतात. या प्रश्नाला मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, एकदा धंदा सेट होऊ दे, मग जाऊ."

हे 'मग' फार महागात पडतं. धंदा सेट झाला की काम कमी होत नाही, वाढतं. आणि दुकान बंद पडायला दरवेळी तोटाच कारणीभूत असतो असं नाही. कधी कधी मालकच आतून विटतो. शटर उशिरा उघडतं, माल भरायचा राहतो, गिऱ्हाइकाशी तुटक बोललं जातं. गिऱ्हाईक भांडत नाही, ते गुपचूप शेजारच्या दुकानात जातं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यानं दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. पण हा कायदा लागू असलेल्या दुकानात कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यावीच लागते. मालकाची सुट्टी मात्र मालकानंच ठरवायची. म्हणून छोटा आनंदसुद्धा मालासारखा वेळेवर भरायचा. त्यासाठी तीन गोष्टी करा.

1. पैसे गल्ल्यातून नको, पगारातून

गल्ल्यातून शंभराची नोट उचलून मिसळ खाल्ली, तर हिशेब जुळत नाही आणि मनालाही लागून राहतं. त्यापेक्षा दर महिन्याला स्वतःला ठरावीक रक्कम द्या. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कागदोपत्री ती 'उचल' असते, दुकानाचा खर्च नव्हे. पण आकडा ठरला की घराचा आणि दुकानाचा पैसा वेगळा राहतो.

आता हिशेब बघा. घरात तिघं, मिसळीची प्लेट 100 रुपये धरा. महिन्यातून दोनदा गेलात तर 600 रुपये. आठवड्यातून एकदा दोघांनी 20 रुपयांचा चहा घेतला, तर चार आठवड्यांचे 160. एकूण 760. एवढे पैसे पगारातून पहिल्या तारखेलाच बाजूला काढा. पुढं खाताना हात आखडायला नको.

2. जवळचं, ओळखीचं ठिकाण निवडा

आनंदासाठी महाबळेश्वरच गाठायला पाहिजे असं नाही. आमच्या कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर काढून देतात. कोमट, फेसाळ ग्लास हातात घेऊन उभ्याउभ्या प्यायचा. खासबाग मैदानाजवळ भेळ खायची आणि रंकाळ्यावर चक्कर मारायची. मिसळ तर गावोगावी वेगळी. आमच्याकडं कट आणि ब्रेडचे स्लाइस, नाशिकला पाव आणि पापड, पुण्यात वरून 'सॅम्पल' मागायचं. तुमच्या गावात काय चांगलं मिळतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एकच नियम पाळा. तिथं बसून टेबलं मोजायची नाहीत. "याचा दिवसाचा गल्ला किती असेल गं?" हा प्रश्न आपल्या जिभेवर असतोच, तो गिळायचा. समोर आई, नवरा, बायको, लेकरू कुणी बसलं असेल, त्यांच्याशी बोलायचं. तुमचं दुकान चालतं त्यात त्यांच्या वेळेचंही भांडवल आहे, आणि त्यावर व्याज कुणीच मागितलेलं नाही.

3. रोजमेळाखाली दोन ओळी

बीबीएला आम्हाला जर्नल शिकवलं, त्याला मराठीत रोजकीर्द म्हणतात. डायरीला म्हणतात रोजनिशी. वेगळी महागडी वही आणू नका, ती चार दिवसांत कोपऱ्यात पडते. रात्री दुकान वाढवताना रोजमेळ लिहिताच ना? त्याच पानावर खाली दोन ओळी लिहा.

पहिली ओळ : आज काय बरं वाटलं?
दुसरी ओळ : गिऱ्हाइकानं काय मागितलं, जे आपल्याकडं नव्हतं?

उदाहरणार्थ : 'एक आजी राहिलेले पाच रुपये द्यायला पावसात परत आल्या. दोघांनी मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर मागितलं.' झालं. दोन मिनिटांचं काम.

दुसरी ओळ धंद्याची आहे. महिन्याच्या शेवटी तीस पानं चाळा, पुढचा कोणता माल भरायचा ते तिथंच सापडेल. पहिली ओळ तुमची आहे. तीत कधी गरम भजी असेल, कधी लेकीचा फोन, कधी नुसतंच 'दुपारी दहा मिनिटं डोळा लागला'. तीही चालते. रोज मोठं काही घडायलाच पाहिजे असं नाही.

मात्र सलग सात दिवस पहिली ओळ कोरी राहिली, तर दुर्लक्ष करू नका. साखरेचं पोतं तळाला गेलं की आपण लगेच ऑर्डर देतो ना? तसंच समजा. त्या आठवड्यात अर्धा दिवस दुकान दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. कुणीच नसेल तर शटरवर पाटी लावा, 'आज दुपारी 4 नंतर बंद'. नेहमीचं गिऱ्हाईक उद्या येतं. वर विचारतंही, "काल कुठं गेला होता?"

सांगायला काहीतरी असू द्या.

आज रात्री रोजमेळ लिहिताना या दोन ओळी नक्की लिहून बघा. मालकाचा पगार किती ठेवायचा, तो हिशेब पुढच्या व्हिडिओत करू.