कंबरदुखी आणि कामाचा भार



कंबरदुखीवर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी डॉक्टर न बोलावता माझ्यासारखा कामगार चळवळीतला माणूस का बोलावला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. मलाही पडला होता. माझे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही आहे ते नगर वाचनालयाचे आणि हमालांच्या अड्ड्यावरचे. परंतु गेली तीस वर्षे ज्यांच्यात वावरलो त्यांची कंबर हाच त्यांचा संसार आहे. ती धरली की चूल विझते. म्हणून या दुखण्याचा मागोवा घेणे मला भाग पडले. त्यात दोन वेळा मी स्वतः चुकलो, आणि दोन्ही चुका आज आपल्यापुढे ठेवणार आहे. औषध मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आमच्या चाळीत एक पायाळू म्हातारी होती. कोणाला उसण भरली की तिच्याकडे नेत. ती त्या माणसाच्या कमरेला तीन वेळा हलकेच पाय लावी आणि बहुतेक माणसे आठ-पंधरा दिवसांत उठून कामाला लागत. म्हातारीचा लौकिक मोठा होता. आम्ही तरुणपणी तिची थट्टा करत असू. परंतु पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की थट्टा करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती. एकाएकी धरलेली कंबर बहुसंख्य लोकांची काही दिवसांत उतरणीला लागते आणि साधारण सहा आठवड्यांत पुष्कळ सुधारते. मग त्या काळात जो कोणी हात, पाय, लेप किंवा पट्टा लावील त्याला यश येते! म्हातारी निदान पैसे तरी घेत नसे.

हे दुखणे किती लोकांना आहे? २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा आहे. माणसाला अपंग करून घरी बसवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक पहिला लागतो. तरीही ती दिसत नाही. प्लास्टर नाही, जखम नाही. आमचा एक सोबती मला म्हणाला होता, “दादा, हाड मोडलं असतं तर मुकादमाला दाखवता आलं असतं. हे कोणाला दाखवू?”

आता कणा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मानेपासून कमरेपर्यंत चोवीस हलते मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांतले शेवटचे पाच कमरेचे. मणक्यांच्या मधे चकत्या असतात. त्यांनाच आपण गाद्या म्हणतो. चकतीचे बाहेरचे वेष्टण चिवट आणि आतला गर मऊ. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, म्हणून तिचे पोषण आजूबाजूच्या भागांतून पाझरून येते. दिवसभराच्या भाराने चकत्या दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा फुगतात. आपण संध्याकाळी सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने ठेंगणे असतो ते यामुळे.

“गादी सरकली” हा शब्द आपल्याकडे फार पसरला आहे. वस्तुतः चकती बशीसारखी सरकत नाही. तिचे वेष्टण विरते किंवा फाटते आणि गर बाहेर डोकावतो. तो मज्जातंतूवर दाबला किंवा त्याने तेथे दाह झाला, तर कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत धावते. तीच सायटिका. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शल्यवैद्यांनी हा संबंध दाखवून दिला आणि तेव्हापासून प्रत्येक कंबरदुखीचे खापर चकतीवर फुटू लागले. तथापि आजचे शास्त्र सांगते की कंबरदुखीच्या शंभर रोग्यांत सुमारे नव्वदांच्या बाबतीत अमुक एक मणका किंवा अमुक एक चकती गुन्हेगार म्हणून बोट दाखवून सांगता येत नाही. स्नायू, सांधे, बंध, चकत्या आणि त्यांची जाणीव मेंदूपर्यंत नेणारे तंतू, या सगळ्यांचे मिळून ते दुखणे असते.

माझी पहिली चूक इथलीच. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या एका सोबत्याची ट्रकमधून पोते ओढताना कंबर धरली. कोणीतरी एम.आर.आय. काढायला सांगितले. अहवालात चकती झिजल्याचे आणि फुगल्याचे लिहिले होते. मी तो कागद वाचला, घाबरलो आणि त्याला बजावले, “पलंग सोडायचा नाही. घरच्या खर्चाचं आम्ही बघतो.” आम्ही वर्गणी काढली, व्यापाऱ्याशी भांडून उचल मिळवली आणि आपण मोठे पुण्यकर्म केले असे मला वाटले. तो तीन महिने पडून राहिला. उठला तेव्हा मांड्या काडीसारख्या झालेल्या, आणि मनात एकच धास्ती, की वाकलो तर मणका तुटेल. त्याने पुन्हा पोत्याला हात लावला नाही. तो पहारेकरी झाला, पगार निम्म्यावर आला.

त्यानंतर मी वाचू लागलो. १९९५ साली हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या कामगारांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि बाकीच्यांना झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. म्हणजे दोन दिवसांची सक्तीची विश्रांतीसुद्धा नडली, आणि मी तर माणसाला तीन महिने निजवले होते!

त्या फोटोविषयीही सांगितले पाहिजे. ज्यांना मुळीच कंबरदुखी नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या शंभरांपैकी ३७ जणांच्या, पन्नाशीतल्या ८० आणि ऐंशीतल्या ९६ जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकावेत तशा चकत्या पिकतात. माझी पन्नाशी उलटली आहे. उद्या माझा फोटो काढला तर त्यातही झीज निघेल. केवळ त्या कागदावरून माणसाला जायबंदी ठरवणे हा अन्याय आहे.

याचा अर्थ तपासणीच नको असा मात्र कोणी करू नये, कारण माझी दुसरी चूक नेमकी उलट होती. एक तरुण हमाल दोन महिने पाठ दुखते म्हणून सांगत होता. “ओझ्याचं दुखणं आहे, चालायचंच,” असे मी म्हणालो. तो वाळत चालला होता, संध्याकाळी अंग कोमट होई आणि रात्री पडल्यावरही ठणका थांबत नसे. अखेरीस त्याच्या बायकोने हट्टाने दवाखान्यात नेले, तेव्हा मणक्याचा क्षय निघाला. वर्षाहून अधिक काळ औषध चालले आणि तो बरा झाला. परंतु आणखी उशीर झाला असता तर पाय गेले असते. म्हणून काही खुणा पाठ करून ठेवाव्यात. ताप, वजन घटणे, पडून राहूनही न थांबणारी रात्रीची कळ, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयात किरकोळ पडण्यानंतर उठलेली तीव्र कळ, पायातली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, अथवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

आता भाराकडे वळतो. पहारेने दगड उलथताना आपण काय करतो? टेकू दगडाजवळ ठेवतो आणि लांब टोक आपल्याकडे घेतो. वाकून वजन उचलताना कमरेच्या वाट्याला याच्या नेमके उलट येते. लांब टोकाला ओझे आणि आखूड टोकाला आपले पाठीचे स्नायू. हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर ओढतात. हात लांब करून अर्ध्या मीटरवर वीस किलोचा डबा धरला, तर तो तोलायला स्नायूंना सुमारे दोनशे किलोची ओढ द्यावी लागते. शिवाय वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तोच डबा पोटाशी धरला तर ओढ निम्म्याहून कमी होते. पोते एकदा पाठीवर नीट बसले की हमाल ते घेऊन चालतो. घात होतो तो जमिनीवरून उचलताना, आणि थप्पीवर टाकताना अंगाला पीळ बसतो तेव्हा. बादली उचलणारी गृहिणी आणि आजाऱ्याला कूस बदलवणारी परिचारिका यांची गत हीच.

अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली हिशेब मांडला की सर्व परिस्थिती अनुकूल असली तरी दोन हातांनी उचलण्याचे वजन २३ किलोंच्या पुढे नसावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली होती. आणि माझ्या उमेदीच्या काळात आमच्या बाजारात क्विंटलचे पोते सर्रास पाठीवर चढत होते.

पन्नास किलोच्या पोत्याची मागणी आम्ही केली तेव्हा विरोध फक्त व्यापाऱ्यांचा नव्हता. आमचेच काही लोक म्हणाले, “दादा, मजुरी नगावर आहे. पोतं निम्मं झालं की दरही निम्मा होणार आणि खेपा दुप्पट.” त्यांचे खोटे नव्हते. वजन आणि दर या दोहोंचा करार एकदम झाल्याशिवाय कमरेचा प्रश्न सुटत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या सभेने शिकवले.

बसून काम करणाऱ्यांनी मात्र आपण सुटलो असे मानू नये. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ओझी वाहणाऱ्यांबरोबर बैठी कामे करणाऱ्यांवरही प्रकरण आहे. रोग्याला “तुझा धंदा काय?” हे विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तासन्‌तास एकाच बैठकीत राहणारा शिंपी, कारकून, संगणकावरचा तरुण, आणि गाडीचे हादरे अंगावर घेणारा एस.टी.चा चालक, ही सगळी याच वाटेवरची माणसे. शिवाय धूम्रपान, सुटलेले पोट आणि व्यायामाचा अभाव हेही कंबरदुखीची शक्यता वाढवतात. विडी ओढणाऱ्या माझ्या बांधवांना हे आवडत नाही.

मनाचाही यात भाग आहे, आणि हे बोलताना मी जरा सावध असतो. बोईंग विमान कारखान्यातील तीन हजारांवर कामगारांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नव्हते, त्यांच्याकडून पाठीच्या दुखापतीची तक्रार येण्याचे प्रमाण इतरांच्या अडीचपट होते. याचा अर्थ मालक “दुखणे मनाचे आहे” असा काढील. मी असा काढतो, की ज्या कामात मान नाही, विसावा नाही आणि उद्याची शाश्वती नाही, ते कामही एक ओझेच आहे. चिंता, अपुरी झोप आणि भीती यांनी कळ वाढते. परंतु म्हणून ती कळ खोटी ठरत नाही.

उपाय काय? कंबर धरल्यावर पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर थोडे पडावे, पण अधूनमधून उठून चालावे. शेकाने बरे वाटते, जरूर शेकावे. पॅरासिटामॉल या दुखण्यावर फारसे लागू पडत नाही, असे २०१४ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसले. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी काहीसा उतार पडतो. पण पोट आणि मूत्रपिंड यांना त्या बाधू शकतात, म्हणून दुकानातून मनाने आणून महिनेच्या महिने खाणे घातक आहे. दुखणे तीन महिन्यांपेक्षा अधिक रेंगाळले तर नियमित व्यायाम हाच मुख्य आधार. तो अमुकच हवा असे नाही. चालणे, पोहणे, योगासने, भौतिकोपचार तज्ज्ञाने शिकवलेले प्रकार, जे नेटाने होईल ते करावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ सालच्या मार्गदर्शनात अशा जुनाट दुखण्यासाठी व्यायाम, समजूत आणि मानसोपचाराचे साहाय्य यांचा पुरस्कार केला, आणि कमरेचा पट्टा व वजने लावून ओढणे हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत असे सांगितले. आमच्या बाजारात पट्टे मात्र धडाक्याने खपतात. शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. मज्जातंतू दबून पायाची शक्ती जात असेल, किंवा सायटिका कित्येक आठवडे उपचार करूनही हटत नसेल, तेव्हा तिचा विचार होतो. फुगलेला गर पुष्कळदा आपोआप आकसतो, म्हणून घाई नसावी.

आणखी एक गोष्ट. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, अशी चित्रे गोदामांच्या भिंतींवर लावतात. त्यात वाईट काही नाही. परंतु उचलण्याची नुसती रीत शिकवल्याने कंबरदुखी टळते असे चाचण्यांत आढळलेले नाही. सोळाव्या थरावर पोते फेकणाऱ्या माणसाने पाठ ताठ ठेवायची तरी कशी?

आमच्या एका गोदामात आता ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा धक्का बांधून घेतला आहे, दोन चाकी गाड्या आल्या आहेत, आणि कंबर धरलेल्या माणसाला महिनाभर शिलाई-मोजणीचे हलके काम पूर्ण मजुरीवर द्यायचे असे ठरले आहे. पहारेकरी झालेला आमचा तो सोबती धक्का पाहायला आला होता. त्याने गाडी दोनदा ढकलून पाहिली आणि चाके मागच्या बाजूला हवीत, म्हणजे वळताना अंगाला पीळ बसणार नाही, असे सांगून गेला. चाके आम्ही बदलली. थप्पी अजून सोळा थरांचीच आहे. ती बारावर आणण्याची बोलणी पावसाळ्याआधी सुरू व्हायची आहेत.