जीर्ण घरांची दुरुस्ती व पुनर्बांधणी
जीर्ण झालेले वा भूकंपादी आपत्तीत हानी पोहोचलेले घर दुरुस्त करून वापरात ठेवावे की ते पाडून नवे बांधावे, हा प्रश्न मुख्यतः स्थापत्य अभियांत्रिकीचा असला, तरी त्याच्या निर्णयावर जमिनीचे मोल, मालकी हक्क, बांधकामविषयक नियम आणि रहिवाशांचा घरावरील विश्वास यांचाही प्रभाव पडतो. मूळ सांगाडा कायम ठेवून त्याचे निकामी भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती, सांगाड्याची भार पेलण्याची क्षमता मूळच्यापेक्षा वाढविणे म्हणजे बळकटीकरण आणि पायापासून नवे बांधकाम करणे म्हणजे पुनर्बांधणी होय.

घराचे वय ही या निर्णयाची खरी कसोटी नव्हे. चुन्यातील भिंती व सागवानी खांब-तुळया असलेले वाडे, पाणी मुरू न दिल्यास, शंभराहून अधिक वर्षे टिकतात. उलट महाड येथे ऑगस्ट २०२० मध्ये जी पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले, ती बांधून दहा वर्षेही झालेली नव्हती. गिलाव्याचे पोपडे व उखडलेल्या फरशा डोळ्यांत भरतात. पण निर्णय करावयाचा तो पाया, भारवाही भिंती व सांगाडा यांच्या स्थितीवरून. केसासारख्या बारीक भेगा पुष्कळदा गिलाव्यापुरत्याच असतात. भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी तिरप्या उतरणाऱ्या व ऋतुगणिक रुंदावणाऱ्या भेगा मात्र पाया असमान खचत असल्याचे सुचवितात. अशा भेगेवर काचेची पट्टी पक्की बसवून ठेवतात. ती तडकल्यास हालचाल चालू आहे असे समजावे. लाकडी तुळयांची भिंतीत गेलेली टोके, विशेषतः मोरीलगतची, प्रथम कुजतात. प्रबलित काँक्रीटमध्ये पोलाद गंजले म्हणजे गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक होते आणि वरचे आवरण फुटून निघते. अशा जागी नुसता गिलावा चढविणे म्हणजे रोग झाकणे होय. दोष थोड्या भागांपुरता असेल, तर दुरुस्ती सयुक्तिक ठरते; तो पाया व बहुतेक खांबांत पसरला असेल, तर पुनर्बांधणीवाचून गत्यंतर नसते.

हे दोन्ही मार्ग फार मोठ्या प्रमाणावर मराठवाड्यात चोखाळले गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सु. ८,००० लोक दगावले. तेथील पारंपरिक घरांच्या भिंती जाड, पण दोन स्वतंत्र थरांच्या असत. थरांमध्ये माती व चिपा भरलेल्या आणि दोहोंना सांधणारे आरपार दगड क्वचितच. त्यांवर मातीचे माळवद असे व गळती थांबविण्यासाठी त्यावर वेळोवेळी नवी माती पडे. ३० सेंमी. जाडीचा मातीचा थर दर चौ. मी.वर सु. ५०० किग्रॅ. भार घालतो. हादऱ्याने भिंतींचे थर विलग होऊन कोसळले. जेथे लाकडी खण सुस्थितीत होते, तेथे भिंती पडूनही छत पुष्कळदा खांबांवर उभे राहिले, ही बाब लक्षणीय आहे.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने राबविलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, तर इतरत्र एक लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती व बळकटीकरण करण्याचे ठरले. बळकटीकरणाचे उपाय साधे होते : माळवदावरील माती कमी करणे, भिंतीला आरपार छिद्रे पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरणे, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी घरभर सलग पट्टा फिरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू देणे. यास नव्या घराच्या मानाने अल्प खर्च येई. तथापि अनेक कुटुंबांनी अनुदानातून जुने घर बळकट न करता शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. दगडी भिंतींखाली आप्त गमावलेल्यांची त्याच भिंतींत पुन्हा निजण्याची तयारी नव्हती. त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु त्यामुळे कित्येक जुनी घरे दुबळीच राहून वापरात राहिली. नव्या गावांतही सर्व काही साधले नाही. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांस २५० चौ. फुटांचे, तर मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौ. फुटांचे घर मिळाले. रुंद रस्ते व आखीव भूखंड यांच्या रचनेत वाड्याचा बंदिस्त चौक, गुरांची जागा व भावकीचा शेजार मात्र नाहीसा झाला.

मुंबईतील जुन्या भाड्याच्या इमारतींचा प्रश्न वेगळ्या कारणांनी बिकट झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी निगडित केली. भाडेकरूंना संरक्षण लाभले. पण दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. १९६९ च्या अधिनियमान्वये उपकर बसवून दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण करण्यात आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने अशा इमारतींच्या पुनर्विकासास वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक देऊ केल्यावर पारडे फिरले. दुरुस्तीत कोणासही लाभ नव्हता. पाडून बांधण्यात भाडेकरूस मालकीचे घर व विकासकास विक्रीयोग्य क्षेत्र मिळू लागले. त्यामुळे दुरुस्तीने तरणाऱ्या इमारतीही पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत खितपत पडू लागल्या. भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पुनर्विकास योजनेत समाविष्ट होती आणि ती धोकादायक ठरविली गेली होती; तरी तीत कुटुंबे राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळून तीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. घर रिकामे केल्यास आपला हक्क बुडेल व संक्रमण शिबिरातून परत येणे घडणार नाही, अशी भीती रहिवाशांना मोडकळीस आलेल्या घरांत थांबवून ठेवते. म्हणूनच अशा ठिकाणी सांगाड्याच्या तपासणीइतकेच महत्त्व स्थलांतरापूर्वी होणाऱ्या नोंदणीकृत करारास, रहिवाशांच्या निश्चित यादीस व पर्यायी निवाऱ्याच्या मुदतीस असते.