पायथन भाषेंतील कोरी जागा

बहुतेक संगणकभाषांत वाक्यांचा गट कंसांनीं किंवा ठराविक शब्दांनीं बांधितात. पायथनमध्यें तें काम ओळीच्या आरंभींची कोरी जागाच करिते. हॉलंडचे ग्विडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या या भाषेंत ही रीत एबीसी नामक भाषेकडून आली.

एकदां आमच्या हातून गुणांच्या बेरजेची ओळ चार अक्षरांइतकी डावीकडे सरली. गुण वाचण्याची ओळ प्रत्येक मुलासाठीं फिरून फिरून चालली. बेरजेची मात्र गटाबाहेर पडून एकदांच चालली, आणि चाळीस मुलांच्या बेरजेंत शेवटच्या एकाचेच गुण आले! यंत्रानें चकार शब्द काढिला नाहीं. तरीहि ही रीत आम्हांस पसंत आहे. डोळ्यांस दिसतें तेंच यंत्र वाचितें. टॅब व मोकळ्या जागा तेवढ्या फसव्या. त्यांची संदिग्ध सरमिसळ २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें नाकारिली.