गुरू शहाणा खरा, पण सेनापती?

परवा रविवारी आमच्या शनिवार पेठेतल्या घरात जेवणानंतर अशी काही चर्चा रंगली, की शेजारच्या काकूंना वाटलं असेल, यांच्याकडे भांडणच जुंपलंय! निमित्त होतं एका इंग्रजी सिनेमाचं. माझी भाची बारावीला आहे, अभ्यासासाठी साताऱ्याहून माझ्याकडे येऊन राहिलीय. एनडीएची परीक्षा द्यायचं तिच्या मनात आहे. त्या दिवशी तिनं 'स्टार वॉर्स' लावला होता आणि मी समोर बसून शेंगा सोलत होते.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात योडा नावाचा एक म्हातारा गुरू आहे. हातभर उंची, हिरवी कातडी, लांब कान आणि वय आठ-नऊशे वर्षं! १९८० च्या सिनेमात तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा एका दलदलीत एकटाच राहत होता. शिकायला आलेल्या तरुण पोराला तो संयम शिकवतो, राग गिळायला शिकवतो. त्याचं इंग्रजी उलटसुलट आहे, कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, मराठीत आपण तसंच तर बोलतो!

पण २००२ च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये हाच योडा लाखोंच्या फौजेचा सेनापती होऊन रणांगणात उतरतो. भाची टाळ्या वाजवत होती. मला मात्र काहीतरी खटकलं. म्हटलं, "अगं, ही फौज आली कुठून?" ती म्हणाली, "कुणीतरी दहा वर्षांपूर्वी गुपचूप ऑर्डर देऊन बनवून घेतली होती, आत्या. दोन लाख तयार होते, दहा लाख व्हायचे होते."

आता तुम्हीच सांगा. आपल्या दारात कुणी न मागवलेली पाच पोती गहू आणून टाकले, तर आपण काय करू? आधी विचारू, कुणी मागवले, पैसे कुणी भरले? या महाज्ञानी गुरूनं तपास पुरा होण्याआधीच फौज पदरात घेतली. पुढे २००५ च्या भागात त्याच सैनिकांनी एका हुकुमासरशी आपल्याच नायकांवर बंदुका रोखल्या. म्हणजे ज्ञान अफाट, पण भांडारघराची चौकशी नाही!

तिथून आमचा वाद सुरू झाला. शहाणा गुरू चांगला सेनापती होऊ शकतो का? भाचीचं म्हणणं, का नाही? ज्याला माणसं कळतात, त्याला युद्धही कळणारच. मला ते पटेना.

गुरूचं काम एकेका शिष्याशी असतं. तो वाट पाहतो. उत्तर माहीत असूनही सांगत नाही, शिष्याला ते आपलं आपण सापडावं म्हणून कोड्यात बोलतो. सेनापतीला यातलं काहीच परवडत नाही. त्याला अर्धवट बातमीवर निर्णय घ्यावा लागतो, हजारो माणसांना एकाच अर्थाचा हुकूम द्यावा लागतो. त्यांच्या पोटात अन्न आहे का, घोड्यांना चारा आहे का, हे पाहावं लागतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कुणाला तरी मरायला पाठवावं लागतं.

गुरूला सेनापती केल्यावर काय होतं, हे आपल्या महाभारतानं केव्हाच दाखवलंय. भीष्मांनंतर द्रोणाचार्य पाच दिवस कौरवांचे सेनापती होते. विद्येत त्यांच्या तोडीचं कोण होतं? पण समोर उभे होते त्यांचेच शिष्य. युधिष्ठिराला जिवंत पकडायचं वचन त्यांनी दिलं, ते पुरं झालं नाही. तुम्ही पांडवांना झुकतं माप देता, असं दुर्योधनानं तोंडावर सुनावलं. तेराव्या दिवशी त्यांनीच रचलेल्या चक्रव्यूहात अभिमन्यू, म्हणजे लाडक्या शिष्याचा मुलगा, मारला गेला. आणि शेवटी स्वतःचा मुलगा गेल्याची खोटी बातमी कानी पडताच त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. द्रोण सेनापती म्हणून खरे वाटतात, ते यामुळेच. गुरूपणाची किंमत त्यांना रणांगणात मोजावी लागते, आणि ते व्यासांनी लपवलेलं नाही. योडाच्या बाबतीत सिनेमा तिथंच घाई करतो.

आमच्या घरापासून शनिवारवाडा चालत पाच मिनिटांवर. १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. तिथले पेशवे बाजीराव आणि त्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांचे गुरू होते धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी. कोकणातल्या सिद्दीचा बंदोबस्त करा म्हणून स्वामी आग्रह धरत, पेशव्यांना पैसेही कर्जाऊ देत. पण घोड्यावर बसून मोहीम चालवायला ते गेले नाहीत. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला तो चिमाजीअप्पांनी, प्रचंड माणूसहानी सोसून. गुरूचा रेटा होता, पण मोर्चे कुठे लावायचे, सुरुंग केव्हा उडवायचे, हे ठरवणारा वेगळा होता.

नाना फडणवीसांचंही तसंच. तरुणपणी ते पानिपतावर होते, कसेबसे जीव वाचवून परतले, आणि त्यांची आई त्या धामधुमीत कायमची हरवली. पुढे त्यांनी राज्याचा कारभार हाकला, पण १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे ओळखणं हासुद्धा शहाणपणाच की!

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आत्या, म्हणजे बाईमाणसाचंही असंच का? परवा मामा म्हणाले, तू शिक्षिका हो. समजावून सांगणं बायकांना जमतं, हुकूम देणं नाही."

मैत्रिणींनो, खरा प्रश्न इथं होता! आणि तो माझ्याच बोलण्यातून निघाला होता. बाईला सल्ल्याची खुर्ची द्यायची, निर्णयाची नाही, हे आपल्या घराघरात चालतंच ना?

मी म्हटलं, नाही गं बाई. गुरू आणि सेनापती ही दोन कामं वेगळी आहेत, पण त्यांची वाटणी बायका आणि पुरुष अशी नाही. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. तेव्हापासून औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे सात वर्षं, महाराणी ताराबाईंनी मोगलांशी युद्ध चालवलं. त्या सल्ला देत बसल्या नव्हत्या.

आणि तुझ्याच सिनेमातली लेया बघ. १९७७ च्या पहिल्या भागातली राजकन्या २०१५ च्या भागात जनरल झालेली दिसते. २०१७ च्या भागात तिचा आवडता वैमानिक माघारीचा हुकूम मोडून शत्रूचं मोठं जहाज पाडतो, पण त्यात स्वतःची किती माणसं गमावतो! सगळे जल्लोष करतात, लेया त्याच्या मुस्काटात मारते आणि त्याचा हुद्दा उतरवते. तीही मायेची आहे, शिकवणारी आहे. पण गेलेल्या माणसांचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. योडापेक्षा मला ही सेनापती खरी वाटते.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुलींना एनडीएच्या परीक्षेचं दार उघडलं. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. हुकूम देणं हेही शिकायचंच काम आहे, पोटातून कुणी शिकून येत नाही. मुलगेसुद्धा!

रात्री अंथरुणावर पडले आणि मलाच हसू आलं. कारण खरं सांगू? तिनं जाऊ नये असं मला आतून वाटतं. भीती वाटते. मोठेपणाच्या जोरावर "नको जाऊस" म्हटलं असतं, तर तिनं कदाचित ऐकलंही असतं. म्हणजे गुरूच्या जागेवर बसून मीही सेनापतीचा हुकूमच सोडला असता.

तेव्हा ठरवलं, आपण ब्रह्मेंद्रस्वामींच्या जागेवरच बसायचं. बोलायचं सगळं, वेळ पडली तर क्लासच्या फीला हातभारही लावायचा. मोर्चा कुठे लावायचा ते तिचं तिनं ठरवायचं.

सकाळी ती अभ्यासाला बसली होती. मी चहा ठेवला आणि माझ्या मनातली भीती तिला सांगून टाकली. तिनं ऐकून घेतलं, "कळलं, आत्या" म्हणाली आणि पुन्हा गणितात डोकं घातलं.

तुमच्या घरात असा सल्ला आणि हुकूम यांचा घोळ कधी झालाय का? आठवून बघा बरं!