आपण कधी बसायचं?

'आज संध्याकाळी बसू' असं पुरुष म्हणतात, तेव्हा ते कुठे बसणार आणि कशासाठी बसणार हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. मराठीतलं इतकं साधं क्रियापद त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलंय! वाढदिवस असो, प्रमोशन असो, नाहीतर पहिला पाऊस, बसायला कुठलंही निमित्त चालतं. आणि आपण? आपण सकाळपासून उभ्याच! केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामात स्त्रियांची दिवसाकाठी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं दिसून आलं. म्हणजे रोजचा तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. त्यांचं बसणं आपल्या या उभं राहण्यातूनच निघतं, असं म्हटलं तर राग येऊ नये.

आमच्या पिंप्राळ्यात बाई घराबाहेर पडते ती बहुधा देवाच्या नावानं. आषाढी एकादशीला विठोबाचा रथ, मग मुक्ताईनगर, पद्मालयाचा गणपती, पाटणादेवी. देवाला जाते म्हटलं की सासूबाईसुद्धा हौसेनं ओटीचं सामान काढून देतात. पण 'मैत्रिणींबरोबर सहज फिरायला चाललेय' म्हणून बघा! लगेच प्रश्न येतो, "काय काम काढलं?" बाईला काम नसतानाही कुठे जावंसं वाटतं, हेच घराला पटत नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीनं बायकांना सरसकट अर्धं तिकीट केलं आणि निदान खर्चाचं कारण तरी मागे पडलं. आमच्या बचत गटातल्या पाच जणींनी मग अजिंठ्याचा बेत आखला. जळगावपासून साठेक किलोमीटर! दूरदेशीचे पाहुणे विमानानं येऊन जी लेणी बघून जातात, ती आमच्यातल्या तिघींनी पन्नाशी आली तरी पाहिली नव्हती. एक अट मात्र एकमतानं ठरली, डबा न्यायचा नाही. नाहीतर आपली सहल म्हणजे पहाटे चारला उठून वांगी भाजा, कळण्याच्या भाकरी थापा, ठेचा कुटा. "आज कुणीतरी आपल्याला वाढायचं," असं आमच्यातल्या काकूंनी जाहीर करून टाकलं.

नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर फाट्यावर उतरलो आणि तिथून लेण्यांच्या बसनं वर गेलो. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, असं आपण शाळेत शिकलो. १९८३ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. पण वाघूर नदीच्या वळणावर उभं राहून तो घोड्याच्या नालासारखा कडा बघितला, की सगळं पाठांतर विसरायला होतं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर पाच जणी चक्क पाच मिनिटं गप्प होतो. (आमच्या घरच्यांनी यावर विश्वास ठेवला नाही!)

त्याच लेण्याच्या छतावर एक चित्र आहे. टोकदार टोपी घातलेला, दाढीवाला कुणी परदेशी उमराव मद्याचा पेला घेऊन ऐटीत बसलाय आणि सेवेला दासी उभ्या आहेत. काकू मान वर करून बघत म्हणाल्या, "दीड हजार वर्षं झाली, पण बसणारा बसलाय आणि उभी राहणारी उभीच आहे!"

खाली आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. आता रस्त्यावरच्या पाट्या तुम्हीही वाचल्या असतील, 'बार अँड रेस्टॉरंट', 'परमिट रूम', खाली बारीक अक्षरात 'फॅमिली रूमची सोय'. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. पण पाच बायका म्हणजे फॅमिली की नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? एका ठिकाणी गल्ल्यावरच्या भाऊंनी आमच्या मागे डोकावून विचारलंच, "जेंट्स मागून येताहेत का?" काकू म्हणाल्या, "नाही भाऊ. भूक आमची आम्हालाच लागलीय."

सगळ्या आत शिरलो, पण आमची धुळ्याकडची मैत्रीण पायरीवरच थांबली. तिचा नवरा दारूपायी गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पगाराच्या दिवशी ती मुलीला कडेवर घेऊन अशाच एका बारच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. मुलगी चालायला लागल्यावर तिलाच आत पाठवायची, बाबांना बोलवायला. स्वतः मात्र कधी उंबरा ओलांडला नाही. बाईमाणसानं तिथे जायचं नसतं ना! लेकरानं गेलेलं चालतं.

आम्ही कुणी आग्रह केला नाही. थोड्या वेळानं ती आपणहून आली. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, त्यावर क्रिकेट, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं जण ग्लास पुढे घेऊन मुकाट बसलेले. तिनं सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "माय वं! इतलंच शे का मझार?"

आम्हाला काय बोलावं सुचेना. जिच्यासाठी घरातली भांडी गेली, अंगावरचे चार मणी गेले, ती जागा एवढीशी, एवढी सामान्य होती. मग शेवभाजी आली, लालभडक तर्रीची. तिनं दुसरी भाकरी मागून घेतली आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट मांडी घालून बसली. ते बसणं मी विसरणार नाही.

मैत्रिणींनो, दारूच्या दुकानाविरुद्ध महिलांना मतदान करता येतं, ही तरतूद आपल्या राज्यात आहे. अनेक गावांतल्या बायकांनी ती वापरून बाटली आडवी केली आहे. ते काम चालूच राहायला हवं. पण आपला विरोध घरं बुडवणाऱ्या दारूला आहे, चार घटका मोकळं बसण्याला नाही. ते बसणं आपल्यालाही हवं आहे, पेल्याशिवायचं, हिशेबाशिवायचं. त्यासाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं, 'जेंट्स कुठे आहेत' न विचारणारं हॉटेल हवं आणि 'काय काम काढलं' न विचारणारं घर हवं. पहिली दोन मागून मिळतील. तिसऱ्यासाठी आपणच एक दिवस चपला घालून निघायचं.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. डबा मात्र नेऊ नका! आमचं पुढच्या महिन्यात फरकांड्याचा झुलता मनोरा बघायचं ठरतंय. परवा धुळ्याकडच्या मैत्रिणीचा फोन आला होता. किती वाजता निघायचं, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "तिथं जेवायला कुठं बसायचं, ते आधी सांग."